धुक्याची यादी निघते, लीगची निघत नाही : ग्वाल्हेरहून एका फुटबॉलवेड्याची कैफियत

लष्करचा_लेफ्टबॅक (११ जानेवारी २०२६, रात्री)

क्रीडा विभागात क्रिकेटच्या धाग्यांचा खच पडलाय, म्हणून हा वेगळा काढतोय. फुटबॉल, थंडीतला प्रवास आणि दिल्लीत पडलेलं आपल्या लीगचं भिजत घोंगडं, तिन्ही इथेच येणार. माझ्यासारख्याला ते वेगळे करताच येत नाहीत.

घर ग्वाल्हेरात, जनकगंजात. टीम एफसी गोवा. गोव्यात सासुरवाडी नाही, कुलदैवतही तिकडचं नाही. पण घरातलं सगळं येणंजाणं गोवा एक्सप्रेसने. पुण्याची मुंज, मिरजेचं लग्न, कुणाचं तेरावं, सगळीकडे याच गाडीत डबे उघडून पुरी-भाजी खात गेलोय. २०१४ मध्ये आयएसएल (इंडियन सुपर लीग) सुरू झाली तेव्हा ग्वाल्हेरची टीम नव्हती, अख्ख्या मध्य प्रदेशची नव्हती, आजही नाही. मग जिचं वेळापत्रक तोंडपाठ आहे त्या गाडीच्या दुसऱ्या टोकाची टीम धरली. लोक याहून फालतू कारणांवर पक्ष धरतात.

७ डिसेंबरला मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर सुपर कपची फायनल होती, आपण विरुद्ध ईस्ट बंगाल. त्याच आठवड्यात देशभर विमानांचा बोजवारा उडालेला. वैमानिकांच्या ड्युटीचे नवे नियम आले आणि उड्डाणं धडाधड रद्द झाली, सरकारला भाड्यावर मर्यादा घालावी लागली. मी रेल्वेवाला, मला काय त्याचं. संध्याकाळी ग्वाल्हेरला बसलो, दुसरा दिवस भुसावळ, मनमाड, नगर, पुणे करत गेला, तिसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मडगाव. स्टेडियमबाहेर एक जण भेटला, त्याचं विमान रद्द झालं म्हणून मुंबईहून रात्रभर बसने आलेला. मान अवघडलेली, पण नारिंगी जर्सी इस्त्रीची.

मॅच खरं सांगायचं तर रटाळ झाली. १२० मिनिटांत गोल नाही. शूटआउट सुरू झालं तेव्हा माझ्या शेजारच्या साठीतल्या बाई, डोक्याला नारिंगी रुमाल बांधलेल्या, उठल्या आणि मैदानाकडे पाठ करून उभ्या राहिल्या. मला म्हणाल्या, "माझ्याच्यान बघवत नाही, तू सांग." मग प्रत्येक किकला मी 'गेला' नाहीतर 'नाही' एवढंच ओरडत होतो. पाच-पाच किकांत निकाल लागेना, पुढे चाललं. ६-५ झालं तेव्हा त्यांनी मला न विचारता माझा हात पकडून पिरगळला. मे महिन्यात भुवनेश्वरला जमशेदपूरला ३-० हरवून घेतलेला कप आपण राखला, असा राखणारी पहिली टीम.

आणि दुसऱ्याच दिवशी, ८ डिसेंबरला, भारतीय फुटबॉल फेडरेशन आणि लीग चालवणारी कंपनी एफएसडीएल यांचा १५ वर्षांचा करार संपला. म्हणजे मी कप जिंकून परतीच्या गाडीत बसलोय आणि देशात लीग चालवणारंच कुणी उरलेलं नाही.

आता माझं म्हणणं. आम्ही ग्वाल्हेरवाले धुक्याला शिव्या देण्यात पटाईत. मुरैना-धौलपूरच्या मध्ये चंबळच्या पुलावर गाडी कधी येईल ते ब्रह्मदेवही सांगू शकत नाही. पण रेल्वेचं एक मानावं लागेल. हिवाळा लागण्याआधीच यादी निघते, १ डिसेंबर ते फेब्रुवारीअखेर कुठल्या गाड्या बंद आणि कुठल्या आठवड्यातून मोजकेच दिवस. यादी वाईट असते, पण असते. माणूस त्याप्रमाणे लग्नाच्या तारखा हलवतो.

फुटबॉलचं बघा. करार २०१० चा. तो कधी संपणार हे १५ वर्षं कागदावर होतं, धुक्यासारखं रात्रीतून उतरलेलं नव्हतं. तरी फेडरेशनच्या घटनेची, म्हणजे नियमावलीची, केस सर्वोच्च न्यायालयात, तिचा निकाल सप्टेंबरात, मग लीग चालवण्याचं टेंडर, वर्षाला किमान ३७.५ कोटींची अट, आणि नोव्हेंबरात मुदत संपली तेव्हा बोली लावणारा एकही नाही. २४ डिसेंबरला ताजिकिस्तानच्या इस्तिकलोल क्लबविरुद्ध शिट्टी वाजली तरी आपले गोव्याचे खेळाडू निषेध म्हणून काही क्षण जागचे हलले नाहीत. जानेवारी लागताच छेत्रीसकट खेळाडूंनी व्हिडिओ काढून फिफाला साकडं घातलं. ६ जानेवारीला क्रीडामंत्र्यांनी जाहीर केलं की १४ फेब्रुवारीपासून लीग, चौदाही क्लब, ९१ सामने. म्हणजे प्रत्येकाशी एकदाच खेळायचं.

आनंद झाला. मग तिकीट काढायला बसलो. रेल्वेचं आगाऊ आरक्षण आता ६० दिवसांचं. १४ फेब्रुवारीचं बुकिंग १६ डिसेंबरला उघडलं, त्या दिवशी लीग होणार की नाही हेच कुणाला माहीत नव्हतं. घोषणा झाली तेव्हा हातात ३९ दिवस उरले. आणि कोण, कुठे, कधी हे आजही जाहीर नाही. मी नक्की कुठल्या तारखेचं तिकीट काढू? टीव्हीवर बघणाऱ्याला याने फरक पडत नाही. पडतो तो स्लीपरने येणाऱ्याला, आणि त्याचा विचार त्या टेंडरमध्ये कुठेही नसणार.

"दिल्ली जवळ आहे, तिथे बघ" असं कुणी म्हणेल. बघतो की. पंजाब एफसी तिथेच खेळायची, आता हैदराबादची टीम उठून दिल्लीला आलीय. पण जवाहरलाल नेहरू स्टेडियम पाडून स्पोर्ट्स सिटी करायचा बेत नोव्हेंबरात बाहेर आलाय. शिवाय जानेवारीत दिल्लीत रात्री साडेसातला मॅच ठेवण्यामागे काय डोकं असतं? साडेनऊला संपते, निजामुद्दीन गाठेपर्यंत हवा अशी की खाकरल्याशिवाय बोलता येत नाही, आणि ज्या गाडीची वाट बघतोय ती अजून पंजाबातच. १७ डिसेंबरला लखनौला भारत-दक्षिण आफ्रिका टी-ट्वेंटी धुक्यामुळे एकही चेंडू न टाकता रद्द झाली. पैशाने भरलेल्या क्रिकेट बोर्डाला जे जमलं नाही ते फुटबॉलला जमेल? विंध्याच्या वर डिसेंबर-जानेवारीत मॅच दुपारी दोनला ठेवा, ऊन तरी मिळेल.

मेस्सीबद्दल लिहिणार नव्हतो, पण राहवत नाही. १३ डिसेंबरला कोलकात्यात लोकांनी हजारो रुपये मोजले आणि त्यांना दिसली ती पुढाऱ्यांची आणि त्यांच्या चेल्यांची पाठ. खुर्च्या मोडल्या त्याचं समर्थन करत नाही. पण ज्या महिन्यात देशाच्या लीगला वाली नव्हता त्याच महिन्यात एका माणसाला हात हलवताना बघायला एवढा पैसा निघाला, हे बघून पोटात कालवलं.

तर प्रश्न असा: इथे टीमच्या मागे प्रवास करणारे कोण आहेत? कसं जमवता?

---

पेठेतला_दहानंबरी (११ जानेवारी)

भावा, नादखुळा लिवलंयस. पण एक सांगू? तुमची ती लीग हाय का नाही ह्याच्यावर आमचं काय अडत नाही. थंडी पडली की शाहू स्टेडियम सुरू. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, फुलेवाडी, कुणाचीबी मॅच असू दे, दुपारी चारला पेठेतली दुकानं अर्धी बंद. टीव्ही नाही, हिरो-हिरोइन नाही, गेटवर तिकीट फाडायचं आन् आत. आमचा अनिकेत जाधव ह्याच मातीतनं १७ वर्षांखालच्या वर्ल्ड कपला गेला.

तुमची गाडी मिरजेवरनं जाती न्हवं? उतर तिथं. कोल्हापूर तासाभराचं. फायनल बघ आन् मग जा गोव्याला. टेंडरबिंडर लागत नाही.

---

लष्करचा_लेफ्टबॅक

ये हुई ना बात! (ग्वाल्हेरच्या मराठी माणसाच्या तोंडून एवढं हिंदी चालवून घ्या.) भावा, तुमचं हेवा वाटण्यासारखं आहे. आमच्याकडे कंपू भागात महिला हॉकीची सरकारी अकादमी आहे, शंकरपूरला नवं क्रिकेट स्टेडियम झालं, ऑक्टोबर २०२४ मध्ये भारत-बांगलादेश तिथे झाली. फुटबॉलची मॅच म्हणजे शारीरिक शिक्षणवाल्या एलएनआयपीईच्या मैदानावर पोरं खेळतात ती. तिकीट फाडायची वेळ आलेली मी तरी बघितली नाही.

---

निवृत्त_गार्ड (१२ जानेवारी, सकाळ)

चि. लेफ्टबॅक, फुटबॉलमधलं मला कळत नाही, पण धुक्याबद्दल थोडं सांगतो. उभी नोकरी झाशी मंडळात गेली.

लोकांना वाटतं धुक्यात गाडी उशिरा येते म्हणजे ड्रायव्हर झोपा काढतो. आमच्या वेळी सिग्नलच्या अलीकडे २७० मीटरवर रुळाला दोन फटाके बांधायचे, एकमेकांपासून दहा मीटरवर. त्यासाठी माणूस रात्रभर शेकोटी करून तिथे बसलेला. इंजिनाचं चाक वरून गेलं की धडाम, परत धडाम. ड्रायव्हरला कळायचं, सिग्नल आला, आता बघ. मी मागच्या ब्रेकव्हॅनमध्ये, मलाही ऐकू यायचे. दोनऐवजी एकच वाजला तर पोटात गोळा. आता फॉग सेफ डिव्हाइस आहे, जीपीएसवर चालतं, पुढचा सिग्नल आणि फाटक किती अंतरावर ते आधीच सांगतं. पूर्वी दाट धुक्यात ताशी ६० ची मर्यादा असायची, हे यंत्र असलं तर आता ७५ पर्यंत जाता येतं. तरी ज्या मार्गावर एरवी १३० ने पळतात तिथे ७५ ने गेल्यावर उशीर व्हायचाच.

आता कामाचं. गाडी निघण्याच्या दिवशी फक्त तिचंच स्टेटस बघू नये. तिची येणारी जोडी कुठे आहे ते बघावं. दिल्लीहून दुपारी निघणारी गाडी ही सकाळी दिल्लीत आलेलीच रेक असते, धुतली, पाणी भरलं की परत निघाली. येणारी बारा तास रखडली तर जाणारी वेळेवर निघणं अशक्य, मग मोबाईलवर काही का दिसेना.

आणि गाडी तुमच्या स्टेशनहून तीन तासांपेक्षा जास्त उशिरा सुटणार असेल आणि जायचं नसेल तर पूर्ण पैसे परत मिळतात. मात्र टीडीआर, म्हणजे परताव्याचा अर्ज, गाडी प्रत्यक्ष सुटायच्या आधी भरावा. नंतर भरून लोक रडत बसतात.

---

स्पष्टवक्ता

सगळं वाचलं. भावना पोचल्या. पण कशासाठी एवढा आटापिटा? ऑक्टोबरात याच फातोर्ड्यात सिंगापूरने आपल्याला २-१ हरवलं. नोव्हेंबरात ढाक्यात बांगलादेशकडून ०-१. आशिया कपला पात्र सुद्धा नाही. दीड अब्ज लोकांचा देश. मी शनिवारी संध्याकाळी घोंगडी पांघरून प्रीमियर लीग बघतो, चहा हातात, गाडी लेट होण्याचा प्रश्न नाही. दर्जा बघायचा तर दर्जा बघा, गाडी बघायची तर गाडी बघा.

---

लष्करचा_लेफ्टबॅक

स्पष्टवक्ते, तुमच्या नावाला जागलात. सिंगापूर आणि बांगलादेश, दोन्ही जखमा ओल्या आहेत, मीठ नेमकं तिथेच चोळलंत.

पण तीच टीम सप्टेंबरात ताजिकिस्तानात ओमानला पेनल्टीवर हरवून मध्य आशियाच्या सीएएफए नेशन्स कपमध्ये तिसरी आली. प्रशिक्षक खालिद जमील नवा, बरेच खेळाडू नवे. त्यानंतर काय झालं? जी लीग सप्टेंबरात सुरू व्हायची ती झालीच नाही. काही क्लबांनी सराव बंद केला, पगार अडले. ज्याच्या पायाला मॅच नाही तो ढाक्यात जाऊन काय पळणार. मी हे सबब म्हणून सांगत नाही, सिंगापूरविरुद्ध आघाडी घेऊन हरलो तो खेळच वाईट होता. पण हरलो म्हणून लीग नको आणि लीग नाही म्हणून हरतो, हे चक्र प्रीमियर लीग बघून सुटत नाही.

आणि घोंगडी-चहाबद्दल काहीच तक्रार नाही. मीही बघतो. फक्त तिथे कुणी माझा हात पिरगळत नाही.

---

मुरारची_मंजू (१२ जानेवारी, दुपार, जर्मनीहून)

माहेर मुरार, सध्या मुक्काम डॉर्टमुंडच्या जवळ. इथे येईपर्यंत मला ऑफसाइड कळत नव्हतं, नवऱ्यामुळे ओढली गेले आणि आता तो घरी राहतो, मी जाते.

दादा, तुमचा तिकिटाचा मुद्दा वाचून सांगावंसं वाटलं. इथे बऱ्याच क्लबांच्या मॅचच्या तिकिटावरच त्या दिवशीची लोकल, ट्राम, बस फुकट असते. सामन्याचा आठवडा सीझनच्या आधीच ठरलेला, नेमका वार आणि वेळ काही आठवडे आधी कळते. पाहुण्या टीमच्या लोकांसाठी स्टेडियमच्या दहा टक्के जागा राखीव. आमच्या दक्षिणेच्या स्टँडमध्ये जवळजवळ पंचवीस हजार माणूस उभा असतो, पूर्ण वेळ उभा. जानेवारीत उणे तापमान असतं तेव्हा जुने लोक पायाखाली पुठ्ठा टाकतात, काँक्रीटची थंडी वर येते म्हणून. मी हसले होते, आता मीही पिशवीत पुठ्ठा नेते.

पण हे सगळं वरून कुणी दिलेलं नाही हो. २०२३-२४ च्या हिवाळ्यात लीगने बाहेरच्या गुंतवणूकदाराला हिस्सा द्यायचं ठरवलं, तर प्रेक्षकांनी मैदानात टेनिसचे चेंडू फेकायला सुरुवात केली. दर आठवड्याला, दर शहरात. खेळ थांबायचा, चेंडू वेचायचे, परत सुरू. फेब्रुवारीत लीगने तो बेत गुंडाळला. आपल्याकडे खेळाडू निषेध करतात आणि प्रेक्षक मोबाईलवर शूटिंग करतात.

---

सासष्टीकर (१२ जानेवारी)

मंजूताई, शेवटचं वाक्य लागलं, पण खरं आहे.

लेफ्टबॅक, तुम्ही ग्वाल्हेरहून येता याचं आम्हाला अप्रूप, पण फातोर्ड्याला लागून राहणारे किती येत नाहीत तेही बघा. २२ ऑक्टोबरला रोनाल्डोचा सौदी क्लब अल नस्र आला तेव्हा तिकिटासाठी कोण कोण नातेवाईक निघाले माझे! रोनाल्डो येणार नाही हे कळल्यावर अर्ध्यांचे फोन बंद. न येऊन त्यांनीच गमावलं. ब्रायसन फर्नांडिसने गोल मारला, १-२ ने हरलो, पण शेवटपर्यंत लढत होतो. आमच्या पोराने अल नस्रला गोल मारलाय, हे मी नातवंडांना सांगणार.

दुसरं, फेडरेशन-करार याबद्दल सगळे आयएसएलचंच बोलतात. गोव्यात आम्ही हे आधी भोगलंय. २०१६ मध्ये साळगावकर, धेंपो, स्पोर्टिंग क्लब द गोवा, गोव्याच्या तिन्ही जुन्या क्लबांनी आय-लीग, म्हणजे तेव्हाची देशाची मुख्य लीग, सोडली, कारण आयएसएल मोठी करायच्या नादात त्यांना वाटेला लावायचा आराखडा आला. धेंपोने देशाची लीग पाच वेळा जिंकली होती! त्या क्लबांच्या मागे गावं होती, चर्चच्या आवारातल्या पोरांच्या टीम होत्या. तेव्हा एफसी गोवाचे नवे चाहते खुशीत होते. मीही होतो. आता पाणी आपल्या नाकाशी आल्यावर आरडाओरडा सुरू झालाय. लीग अडली की मोठा क्लब पगार कापतो, छोटा मरतो.

---

बाड्यावरचे_नाना

धुक्याचा विषय निघालाच आहे तर एक ऐका. १९३७ च्या नाताळची गोष्ट. लंडनमध्ये चेल्सी आणि चार्लटनचा सामना, धुकं वाढत गेलं, रेफरीने खेळ थांबवून सगळ्यांना आत नेलं. चार्लटनचा गोलकीपर सॅम बार्ट्रम मात्र गोलपाशी उभाच. त्याला वाटलं आपली टीम पलीकडे जोरात हल्ले करतेय, म्हणून इकडे कुणी फिरकत नाही. बराच वेळाने धुक्यातून एक पोलीस आला आणि म्हणाला, अरे तू इथे काय करतोस, सामना केव्हाच थांबला!

आपल्या फेडरेशनने खेळाडूंचं हेच केलंय, एवढंच म्हणतो. बाकी आम्ही हॉकीवाले, तुमच्यात लुडबुड करत नाही. हॉकीपटू रूपसिंग, ध्यानचंदांचे भाऊ, ग्वाल्हेरात राहत, त्यांच्या नावाच्या स्टेडियमवर आता सचिनचं द्विशतक सांगतात लोक.

---

जनता_जनार्दन

हे सगळं एका पक्षाच्या लोकांनी फेडरेशन बळकावल्यामुळे झालंय. आधीचे होते ते पण तसलेच. २०२२ ला फिफाने बंदी घातली होती विसरलात का? आता मेस्सीच्या कार्यक्रमात पण दुसऱ्या पक्षाचे

संपादक

वरील प्रतिसादाचा उर्वरित भाग काढला आहे. पक्षांची नावं घेऊन भांडायचं असेल तर राजकारण विभाग मोकळा आहे.

जनता_जनार्दन

फुटबॉलमध्ये राजकारण आणायचं नाही आणि राजकारण्यांनी फुटबॉल चालवायचा, छान.

---

शहडोलवाला (१३ जानेवारी)

ग्वाल्हेरला टीम नाही म्हणून दुःखी होऊ नका, आमच्याकडे या. विचारपूर, पंतप्रधानांनी जुलै २०२३ च्या 'मन की बात'मध्ये ज्याला मिनी ब्राझील म्हटलं ते आमच्या शहराला लागून. मी मूळचा वर्ध्याचा, नोकरीनिमित्त इथे. भाषणानंतर गाड्या भरभरून लोक फोटो काढायला आले. पोरं-पोरी आधीही खेळत होती, आत्ताही खेळतात, संध्याकाळी जाऊन बघतो. फक्त पुढे कुठे खेळायचं याचं उत्तर मध्य प्रदेशात राहून त्यांना मिळत नाही. ते आयएसएलमध्येच मिळेल असंही नाही, पण वरची लीगच बंद असेल तर खालच्या पोराने कुणाकडे बघायचं?

---

काशीची_वाट

आणि इंटर काशीचं काय करायचं? मागच्या सीझनची आय-लीग कोर्टात जिंकून आयएसएलमध्ये आलेली टीम. नाव काशीचं, खेळते बंगालात. ग्वाल्हेरहून बुंदेलखंड एक्सप्रेस थेट बनारसला जाते, लेफ्टबॅकदादांच्या नियमाने ही माझी टीम झाली पाहिजे, पण बनारसला उतरून मॅच कुठे शोधू?

---

लष्करचा_लेफ्टबॅक (१५ जानेवारी)

काशीची वाट, नियमाला अपवाद असतात. तुम्ही गंगास्नान करून परत या.

सासष्टीकर, धेंपो-साळगावकरांचं लिहिलंत ते डोक्यात राहिलं. मंजूताई, टेनिसचे चेंडू रेल्वेत नेता येतात का बघतो. (गार्डकाका, उत्तर देऊ नका.)

दोन दिवस बसून एक जुगाड काढलाय, इतरांच्या उपयोगी पडेल म्हणून लिहितो. कार्यक्रम जाहीर व्हायची वाट बघायची नाही. गोवा आपल्या घरी सहा किंवा सात मॅच खेळणार, बहुतेक शनिवार-रविवार धरून. तेव्हा बुकिंग उघडेल तसतसे मार्चमधले गुरुवार आंधळेपणाने काढून ठेवायचे. गुरुवारच का, तर गुरुवारी संध्याकाळी बसलं की शनिवारी पहाटे मडगाव, शुक्रवारी बसलं तर शनिवारची मॅच हुकते. तिकीट कन्फर्म झालं आणि मॅच नसली तर ४८ तास आधी रद्द करायचं, कन्फर्म स्लीपरला माणशी १२० रुपये कापतात. २६ डिसेंबरपासून भाडंही किलोमीटरला दोन पैसे वाढलंय, म्हणजे ग्वाल्हेर-मडगावला चाळीसेक रुपये. फेडरेशनच्या कारभाराचा हा माझ्या खिशातून जाणारा कर समजतो.

ज्यांना सोबत यायचंय त्यांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. स्लीपरच. एसीचा आग्रह असणाऱ्यांनी आपली सोय बघावी.

---

निवृत्त_गार्ड

मार्चमध्ये धुकं नसतं, पण परतीची गाडी ग्वाल्हेरला मध्यरात्रीनंतर येते, तेव्हा थंडी असतेच. कानटोपी न्यावी. आणि गजर मोबाईलवर लावून निर्धास्त झोपू नये, झाशी गेलं की उठून बसावं.

---

पेठेतला_दहानंबरी

मी मिरजेला चढतो. तांबडा-पांढरा डब्यात आणतो, पण सांडला तर मला बोलायचं नाही.

---

सासष्टीकर

मडगाव स्टेशनहून फातोर्डा फार लांब नाही. एकटे असाल तर पायलट (मोटारसायकल टॅक्सी) करा, पण भाडं बसायच्या आधी ठरवा. चौघं असाल तर मला कळवा, गाडी घेऊन येतो.